वडिलोपार्जित घर विकण्याआधी त्याची दुरुस्ती करावी का?

बडोद्याच्या जुन्या भागात, म्हणजे दांडिया बाजार, रावपुरा, घडियाळी पोळ, वाडी, बाबाजीपुरा या वस्त्यांत ज्यांची पिढीजात घरे आहेत, अशा मराठी कुटुंबांत एक प्रश्न आता वारंवार निघतो. आई-वडील गेले, मुले कोणी मांजलपूरला, कोणी पुण्याला तर कोणी परदेशात स्थिरावली, घराला कुलूप लागले आणि ते विकावे लागणार हे सर्वांनी जड मनाने मान्य केले. मग एक भाऊ म्हणतो, ‘असेच विकले तर मातीमोल जाईल, थोडे पैसे घालून नीट करू म्हणजे भाव येईल.’ दुसरा म्हणतो, ‘घेणारा ते पाडणारच आहे, त्यावर पैसे कशाला घालायचे?’ दोघांचेही म्हणणे कोणत्या ना कोणत्या घराच्या बाबतीत खरे असते, आणि आपले घर त्यांपैकी कोणते हे ठरवल्याशिवाय गवंडी बोलावला तर पैसा, वेळ आणि बहुतेक वेळा भावंडांमधला गोडवा या तिन्हींची हानी होते. मी हे स्वतःच्या घरात आणि नात्यातल्या आणखी दोन-तीन घरांत जवळून पाहिले आहे, म्हणून हा विषय शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडत आहे.

घेणारा नेमके काय विकत घेतो

आपण ‘घर’ म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर ओसरी, झोपाळा, देवघर आणि माळ्यावरचा काळोख असतो. घेणाऱ्याला मात्र तीन वेगवेगळ्या वस्तू दिसतात: जमीन, त्यावरचे बांधकाम आणि त्या बांधकामातले सागवान. यांपैकी कोणत्या वस्तूसाठी तो पैसे मोजणार आहे, यावर दुरुस्तीचा सगळा प्रश्न अवलंबून आहे.

जमिनीसाठी घेणारा असेल तर आपण बसवलेली नवी फरशी त्याच्या दृष्टीने केवळ राडारोडा असतो. जमिनीचा ग्राहक दोन प्रकारचा असतो. एक बांधकाम व्यावसायिक, आणि दुसरा, जो आपण नेहमी विसरतो तो, भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. जुन्या शहरात घरे अरुंद आणि खोल असतात. दोन घरे जोडली की दोन्हींची उपयुक्तता वाढते, उजेड-वारा येतो, दर्शनी भाग रुंद होतो. त्यामुळे शेजाऱ्याला आपल्या जागेचे मोल बाहेरच्या माणसापेक्षा जास्त असते आणि त्याला आपल्या घराच्या रंगाशी काहीही देणेघेणे नसते. दलालाकडे जाण्याआधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना आणि मागच्या घरालाही विचारावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जुने वाद असतील तर ते विसरून विचारावे.

राहण्यासाठी घेणारे कुटुंब असेल तर बांधकामाला किंमत येते. पण तिथेही एक अडचण आहे. असा ग्राहक बहुधा कर्ज काढून घर घेतो, आणि बँकेचा मूल्यांकनकार घराचा रंग पाहत नाही. इमारतीचे उरलेले आयुष्य, मंजूर नकाशा आणि मालकीची साखळी पाहतो. शंभर वर्षांच्या लाकडी सांगाड्याच्या घराला कर्ज मिळणे अवघड असते आणि वरवरच्या दुरुस्तीने ते सोपे होत नाही. दुकान, गोदाम किंवा शिकवणीच्या वर्गासाठी घेणारा व्यापारी हा तिसरा प्रकार. तो आतली मांडणी आपल्या सोयीने करणार असतो, म्हणून त्याला मोकळी, कोरडी आणि भक्कम जागा हवी असते, सजवलेली नको असते.

घर कोणत्या ग्राहकाचे आहे हे ओळखायला गल्लीची रुंदी मोजणे ही चांगली सुरुवात आहे. गुजरातच्या बांधकाम नियमांत, म्हणजे २०१७ पासून लागू असलेल्या ‘सीजीडीसीआर’मध्ये, समोरचा रस्ता किती रुंद आहे यावर किती उंच बांधता येईल हे बऱ्याच अंशी ठरते. रुंद रस्त्यावरचे घर म्हणजे मुख्यतः जमीन. ज्या गल्लीत रिक्षा कशीबशी वळते तिथे पाडून नवे बांधले तरी फारसे वाढवता येत नाही, ट्रक आत येत नाही, सामायिक भिंतीमुळे शेजाऱ्याचे घर सांभाळत पाडकाम करावे लागते, आणि जुन्या दस्तावेजात शेजाऱ्याच्या पागोळ्यांचा किंवा मोरीच्या पाण्याचा हक्क लिहिलेला असेल तर तोही पाळावा लागतो. अशा जागी उभे असलेले बांधकाम हीच खरी मालमत्ता ठरते.

याचे टोकाचे उदाहरण रावपुऱ्यातच आहे. १८४९ ते १८५४ या काळात बडोदे राज्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा वाडा हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकांच्या भोवती, २०१० च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्यानुसार, १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असते आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत ते परवानगीच्या अधीन असते. निषिद्ध पट्ट्यातल्या जुन्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण मात्र सक्षम अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन करता येते. प्रतापनगरकडच्या हजिऱ्याच्या, म्हणजे जुन्या मकबऱ्याच्या, आसपासही हीच स्थिती आहे. तिथे पाडून इमारत उभी करणारा ग्राहक येऊच शकत नाही. जो येईल तो उभे घर घेण्यासाठीच येईल. म्हणून अशा घराचे छत आणि खांब रीतसर परवानगीने भक्कम करून घेण्यात अर्थ आहे, पण परवानगीशिवाय केलेले काम तिथे विक्रीच्या वेळी मूल्यवाढीऐवजी अडथळा बनते.

भिंतींच्या आधी कागद

मी पाहिलेल्या प्रत्येक व्यवहारात भाव पाडण्याचे पहिले कारण कागदांतली खोट हेच होते, गळके छप्पर नव्हे. तरीही आपण दुरुस्तीची सुरुवात छपरापासून करतो, कारण गळती दिसते आणि अपुरी वारसाई दिसत नाही.

सिटी सर्व्हे कार्यालयातून घराचे प्रॉपर्टी कार्ड काढून पाहा. त्यावर पुष्कळदा आजोबांचेच नाव असते, कधी त्यांच्या तिन्ही भावांचे असते. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्यांची आई यांचा सारखा हक्क असतो. लग्न होऊन तीस वर्षे नागपूरला असलेल्या बहिणीचाही तो असतो. तलाठ्याकडून पेढीनामा (वारसांची वंशावळ) करून घेणे, सर्व वारसांची नावे चढवणे, ज्यांना हक्क सोडायचा आहे त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्क-कमीचा दस्त घेणे, महापालिकेच्या वेरा बिलाची (घरपट्टीची) थकबाकी भरणे आणि वीज मीटर हयात माणसाच्या नावावर करणे या कामांना महिने लागतात. ‘ताईने तोंडी सांगितले आहे’ या आधारावर घेणाऱ्याचा वकील एक पाऊलही पुढे टाकत नाही, आणि त्याने टाकू नये हेच योग्य आहे.

जुन्या शहरातल्या बऱ्याच भागांना ‘अशांत धारा’, म्हणजे अशांत क्षेत्रांबाबतचा कायदा, लागू आहे. १९९१ च्या या कायद्यानुसार अधिसूचित क्षेत्रातली स्थावर मालमत्ता विकण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. विक्री राजीखुशीने आणि वाजवी किमतीला होत आहे का, हे तिथे तपासले जाते, आणि परवानगीशिवाय केलेला व्यवहार कायद्याने टिकत नाही. आपले घर या क्षेत्रात येते का हे पहिल्याच आठवड्यात पाहून घ्यावे, कारण लागणारा वेळ बानाखताच्या (विक्रीच्या करारनाम्याच्या) मुदतीत धरावा लागतो.

खालच्या मजल्यावर जुना भाडेकरू असेल तर वरच्या मजल्याच्या दुरुस्तीचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गुजरातेत अशा भाडेकरूंना मोठे संरक्षण दिले आहे. नवा मालक घराबरोबर तो भाडेकरूही घेतो आणि किंमत त्या हिशेबाने देतो. पुष्कळदा तो भाडेकरूच सर्वांत योग्य ग्राहक ठरतो.

एखादे भावंड परदेशी असेल तर दोन गोष्टी लगेच सुरू कराव्यात. त्याने तिथे केलेले मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरले गेले पाहिजे. दुसरे म्हणजे, निवासी विक्रेत्याच्या बाबतीत ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात घेणारा १ टक्का कर कापतो, पण अनिवासी विक्रेत्याच्या हिश्श्यावर तो पुष्कळच जास्त दराने कापावा लागतो, आणि व्यवहार ५० लाखांच्या आतला असला तरी कापावा लागतो. प्रत्यक्ष नफा कमी असेल तर कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी मिळवता येतो. तो व्यवहारानंतर मागून उपयोग नसतो.

घर आतून कसे आहे

कागदांचे काम चालू असताना घराची तपासणी करून घ्यावी. स्थापत्य अभियंत्याला त्याचे शुल्क देऊन लेखी अहवाल घेणे हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत कामी येणारा खर्च आहे, कारण त्या अहवालामुळे आपल्याला कळते की घर विकत आहोत की जमीन. पण त्याच्याही आधी आपण स्वतः काही पाहू शकतो.

आमच्या घराच्या मधल्या चौकातले चार खांब बाहेरून अगदी धडधाकट दिसत होते. आलेल्या म्हाताऱ्या सुताराने खिशातला पेचकस काढून त्याच्या मुठीने खांबावर खालून वर टकटक करायला सुरुवात केली. तीन खांबांनी सबंध उंचीभर तोच घट्ट, टणक आवाज दिला. चौथ्याचा आवाज जमिनीपासून हातभर उंचीवर एकदम पोकळ झाला. तिथे त्याने पेचकसाचे टोक टेकवले आणि ते लोण्यात जावे तसे बोटभर आत गेले. बाहेर आला तो पिवळसर भुसा. सागाच्या गाभ्याला सहसा हात न लावणारी वाळवी शेजारच्या मोरीच्या सततच्या ओलीमुळे कडेच्या कच्च्या लाकडातून आत शिरली होती. नंतर त्याने शिडी लावून तुळयांची भिंतीत गेलेली टोके पाहिली. लाकडी घराचा खरा रोग तिथे असतो, कारण भिंतीची ओल तुळईचे टोक आतल्या आत कुजवते आणि मधला भाग वर्षानुवर्षे निरोगी दिसत राहतो. खांब एकच बदलायचा होता; पण तो बदलायचा आहे हे रंगाच्या तीन थरांखाली आम्हाला कधीच कळले नसते, आणि घेणाऱ्याच्या सुताराला मात्र पाच मिनिटांत कळले असते.

दुसरी गोष्ट भिंतींची. जुन्या घरांच्या भिंती विटा आणि चुन्याच्या आहेत. त्यांत जमिनीतली ओल वर चढते, पण चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो, त्यामुळे भिंत श्वास घेते. माझ्या मावशीच्या वाडी भागातल्या घरी विक्रीपूर्वी, मे महिन्यात, मागच्या भिंतीचा पोपडे आलेला चुना खरवडून सिमेंटचा गिलावा केला आणि वर तैलरंग दिला. भिंत आरशासारखी झाली. सिमेंटने ओलीची वाट बंद केली होती, म्हणून ती आणखी वर चढली आणि बरोबर क्षारही घेऊन गेली. ऑगस्टमध्ये ग्राहक घर पाहायला आला तेव्हा त्या भिंतीला कमरेच्या उंचीवर लोणा फुटला होता. त्याने अंगठ्याने एक फुगा दाबला तर तळहाताएवढा गिलावा खाली पडला. त्यानंतर त्याने घराच्या प्रत्येक रंगवलेल्या भागावर संशय घेतला, आणि त्याने कमी केलेली रक्कम त्या गिलाव्याच्या खर्चाच्या कितीतरी पट होती. मावशीचा हेतू स्वच्छ होता. पण ताज्या रंगाखाली काय लपवले आहे हा प्रश्न जुन्या घराच्या प्रत्येक जाणत्या ग्राहकाच्या मनात येतोच, आणि त्यात त्याची चूक नाही.

हेच पुराच्या खुणेबाबत. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री शहरात शिरली, तेव्हापासून बडोद्यात घर पाहणारा प्रत्येकजण ‘पाणी कुठपर्यंत आले होते?’ असे विचारतो. खरे ते सांगावे. पाणी आले नसेल तर शेजारी साक्ष देतील. आले असेल तर तेही शेजारीच सांगतील.

महापालिकेच्या निर्भयता शाखेची जर्जर इमारतीबद्दलची नोटीस आलेली असेल तर मात्र विचार करण्याची मुभा उरत नाही. गल्लीतून माणसे जातात, शाळेची मुले जातात. सज्जा किंवा भिंत पडण्याचा धोका असेल तर तो भाग टेकू देऊन सुरक्षित करणे किंवा उतरवणे हे विक्री होवो न होवो लगेच केले पाहिजे.

एक हिशेब

आता मूळ प्रश्न आकड्यांत पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत; प्रत्येकाने त्या जागी आपले घालावेत.

समजा, घर आहे त्या स्थितीत ८० लाखांना जात आहे. १२ लाख खर्चून पूर्ण नूतनीकरण केले तर ९५ लाख येतील असे दलाल सांगतो. वरवर पाहता ३ लाखांचा फायदा आहे. पण कामाला आणि त्यानंतर ग्राहक मिळायला मिळून ८ महिने जास्त लागले, तर आज मिळू शकणारे ८० लाख आपल्याला ८ महिने उशिरा मिळतात. वर्षाला ७ टक्के व्याज धरले तरी ते सुमारे ३ लाख ७३ हजार होते. वाढीव १५ लाखांवर १ टक्का दलाली म्हणजे १५ हजार, आणि ३ लाखांच्या वाढीव नफ्यावरचा कर, पुढे सांगितलेल्या १२.५ टक्के दराने, सुमारे ३७ हजार. म्हणजे ३ लाखांचा फायदा दिसत होता तिथे प्रत्यक्षात सव्वा लाखाच्या आसपास तोटा झाला. हे सर्व काम ठरल्या खर्चात आणि ठरल्या वेळेत झाले तरचे आहे. जुन्या घरात एक फळी उचलली की तिच्याखाली दुसरे काम निघते हे ज्यांनी केले आहे त्यांना ठाऊक आहे. खर्च १२ चा १५ लाख झाला तर तोटा ३ लाख ८८ हजारांवर जातो.

या हिशेबात व्याजाची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच कोणी मांडत नाही. कारण हातात नसलेल्या पैशांचे व्याज बुडाले हे कोणत्याही बिलावर लिहिलेले नसते.

याउलट छोट्या कामांचा हिशेब वेगळा येतो. समजा ७० हजार खर्चून गळकी कौले बदलली, मोरीची गळती थांबवली, उघड्या वीजतारा काढून सुरक्षित जोडणी केली, तो एक खांब बदलला, घर पूर्ण रिकामे करून धुऊन काढले. ही कामे वारसाईचे कागद होत असतानाच्या काळात होतात, त्यामुळे त्यांना वेगळा वेळ लागत नाही आणि व्याज बुडत नाही. घेणारा दोष दाखवून ३ लाख कमी करायला सांगणार असेल तिथे तो १ लाखावर थांबला, तरी खर्च भरून निघतो. माझ्या मते जुन्या शहरातल्या बहुसंख्य घरांसाठी हीच मर्यादा योग्य आहे: पाणी, वीज, आधार आणि स्वच्छता. मॉड्युलर स्वयंपाकघर, जुन्या लाद्यांवर बसवलेल्या चकचकीत टाइल्स आणि खोटे छत यांतले काहीही करू नये. खोट्या छताने तर तुळया झाकल्या जातात, आणि तुळया पाहता आल्या नाहीत की ग्राहक त्या कुजक्याच धरतो.

पूर्ण नूतनीकरण कुठे परवडते? जिथे घराच्या जागी दुसरे काही होऊ शकत नाही, सांगाडा अभियंत्याच्या अहवालाप्रमाणे निरोगी आहे, मागणी राहणाऱ्या कुटुंबांची आहे आणि त्याच गल्लीतले तसे दुरुस्त केलेले घर प्रत्यक्ष त्या भावाला विकले गेल्याचे दस्तावेजावरून दिसते. या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. ‘अमक्याचे घर इतक्याला गेले म्हणे’ हा पुरावा नव्हे.

कराच्या बाजूने

वारशाने मिळालेल्या घरावर ते मिळताना कर लागत नाही. विकताना झालेल्या नफ्यावर लागतो. नफा मोजताना मूळ मालकाने दिलेली किंमत धरतात, आणि घर २००१ पूर्वीचे असेल तर त्याऐवजी १ एप्रिल २००१ रोजीची बाजारकिंमत धरता येते. ही किंमत नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून काढून घ्यावी लागते, आणि त्या दिवशीची मुद्रांक शुल्कासाठीची किंमत उपलब्ध असेल तर तिच्यापेक्षा ती जास्त धरता येत नाही. वडिलांकडे घर किती वर्षे होते हेही आपल्या कालावधीत मोजले जाते, म्हणून असा नफा जवळजवळ नेहमी दीर्घ मुदतीचाच असतो.

२३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर महागाईची वजावट न देता १२.५ टक्के कर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी निवासी व्यक्तीला महागाईची वजावट घेऊन २० टक्क्यांनी हिशेब करण्याचाही पर्याय आहे, आणि दोन्हींत जो कर कमी तो भरायचा असतो. जुन्या घराच्या बाबतीत दोन्ही पद्धतींनी करून पाहिल्याशिवाय अंदाज बांधू नये.

दुरुस्तीशी याचा संबंध असा की, १ एप्रिल २००१ नंतर घराच्या सुधारणेवर केलेला खर्च नफ्यातून वजा होतो, आणि तो वडिलांनी केलेला असला तरी होतो. वडिलांनी २००८ साली मागच्या खोलीवर स्लॅब टाकला असेल तर त्याची बिले शोधावीत. मात्र खांब बदलणे, स्लॅब, नवे जिने, नवी मलनिःसारण व्यवस्था अशी कामे सुधारणेत बसतात. रंग-सफेदी आणि किरकोळ डागडुजी साधारणतः बसत नाही. शिवाय बिल नसेल तर खर्च झालाच नाही असे धरले जाते. वरच्या उदाहरणातले १२ लाख बिलांशिवाय रोखीने खर्च झाले असते तर पूर्ण १५ लाखांच्या वाढीवर, म्हणजे सुमारे १ लाख ८७ हजार, कर भरावा लागला असता. सुताराला आणि गवंड्याला बँकेतून पैसे द्यावेत आणि त्यांची सही असलेली पावती घ्यावी.

जंत्रीचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या दरांचाही विचार करावा. गुजरातेत २०११ चे जंत्रीदर १५ एप्रिल २०२३ पासून वाढवले गेले. जंत्रीची किंमत व्यवहाराच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक जास्त असेल तर कर जंत्रीच्या किमतीवर मोजला जातो. म्हणून ‘घर जीर्ण आहे’ म्हणून खूप कमी भावाला सोडताना आधी जंत्री पाहावी. नफा दुसऱ्या घरात किंवा ठराविक रोख्यांत गुंतवून कर वाचवण्याच्या सवलती आहेत; रोख्यांची मुदत विक्रीपासून ६ महिने आणि मर्यादा ५० लाख आहे, हे लक्षात ठेवून पुढचे आपल्या सनदी लेखापालाला विचारावे.

भावंडांनी आधी लिहून ठेवायचे

दुरुस्ती करायची ठरलीच तर पैसे कोण घालणार हे कागदावर लिहावे. नेहमी असे होते की बडोद्यात राहणारा भाऊ पदरचे पैसे घालतो, उन्हातान्हात गवंड्यामागे उभा राहतो, आणि विक्रीनंतर वाटणी मात्र समान होते. त्याने मागितले तर तो हिशेबी ठरतो आणि नाही मागितले तर आयुष्यभर मनात ठेवतो. खर्चाची वरची मर्यादा, तो विक्रीच्या रकमेतून आधी परत देण्याची अट, आणि अमुक तारखेपर्यंत अमुक भाव आला नाही तर खाली किती यायचे हे चार ओळींत लिहून सर्वांनी सह्या केल्या तर पुढचे अबोले टळतात.

सागवानाचेही असेच. जुना साग आज सहज मिळत नाही, आणि घर पाडणारा ग्राहक खांब, तुळया, दारे आणि कोरीव महिरपी यांचे घनफूट मनातल्या मनात मोजून त्यांची किंमत आपल्या नफ्यात धरतो. घर दाखवायला लागण्याआधी जुन्या लाकडाच्या दोन व्यापाऱ्यांकडून त्याचा भाव काढून ठेवावा. देवघराचे दार, झोपाळ्याच्या कड्या असे काही कुटुंबाला ठेवायचे असेल तर बानाखतात त्याची यादी घालावी. नंतर मागून मिळत नाही.

आणि माळ्यावरची ट्रंक कोणत्याही परिस्थितीत रद्दीवाल्याला देऊ नये. आमच्या ट्रंकेत पितळी डब्याखाली आजोबांचा मोडी-गुजराती मिश्र खरेदीदस्त, १९६०च्या दशकातल्या वेऱ्याच्या पावत्या आणि सामायिक भिंतीबद्दल शेजाऱ्याशी केलेला करार सापडला. त्या कराराने पाच महिने अडलेला व्यवहार एका दुपारीत सुटला. घर रिकामे करायला दोघे भाऊ स्वतः जा, दिवसाउजेडी जा, आणि जाताना एक कोयता बरोबर घ्या, कारण बंद घराच्या कौलाच्या कडेला पिंपळाचे रोप उगवलेले असण्याची शक्यता फार आहे. ते या पावसाळ्याआधी मुळासकट निघाले पाहिजे.